एकतीस इंच

मागाच्या खड्ड्यात, डाव्या हाताच्या भिंतीवर, ओलीची रेघ कालच्यापेक्षा अकरा मिलिमीटर वर होती. मी पोलादी पट्टी पुन्हा टेकवून पाहिली. अकराच. रेघेखालची माती गडद, वरची फिकट, आणि दोन्हींच्या मधे केसाएवढी पांढरी खाराची किनार. खार साचायला वेळ लागतो. म्हणजे पाणी एकदम चढलं नव्हतं, दिवसभर सावकाश चढत होतं.

"पाय काढू का वर?" दादांनी विचारलं. ते मागावर बसलेले होते आणि त्यांचे पाय माझ्या कानाशेजारी होते.

"नको. झालं माझं."

"मग डोकं काढ. धोटा फेकायचाय."

मी डोकं बाहेर काढलं. धोटा रेशमातून सरकन गेला, फणी दोनदा ठोकली गेली. आमचा माग खड्ड्याचा आहे. विणकर जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पट्ट्या पायांनी दाबत राहतो. दादा, म्हणजे माझे वडील मुरलीधर दिवटे, बावन्न वर्षं असे बसत आलेत. या साडीवर त्यांचे सात महिने गेले होते. भरजरी काम असल्यामुळे दिवसाला इंचभरच पुढे जायची. एकशे पंच्याऐंशी इंच झाली होती, एकतीस राहिली होती.

त्यांचा उजवा हात आता थरथरतो. धोटा फेकताना थरथर दिसत नाही, चहाचा कप उचलताना दिसते. यानंतर मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायचा नाही, असं त्यांनी स्वतःच चैत्रात सांगितलं होतं. "ही उतरली की मी मोकळा," म्हणाले होते. मोकळा म्हणजे काय, ते मी विचारलं नव्हतं.

*

येवल्याच्या या विणकर वसाहतीत तळघरं का आहेत, ते आधी सांगायला हवं. दोन हजार सदतीसच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पारा सलग एकोणीस दिवस सेहेचाळिसाच्या वर होता. कोरड्या हवेत रेशमाचा धागा ठिसूळ होतो. त्या वर्षी दिवसातून तीस-चाळीस वेळा ताणे तुटत होते. मग विणकरांच्या संस्थेने ठरवलं, माग जमिनीखाली न्यायचे. एकोणीस घरांखाली तळघरं झाली. आत गारवा, ओलसर हवा, धागा लोण्यासारखा. लोक म्हणाले, हे आधीच का नाही सुचलं.

त्याच सुमारास मी भूजलाचं शिकून परत आले होते. कोरड्या तालुक्यात पाणी जिरवायची योजना आखायचं काम मला मिळालं. माळावर अठरा विवरं खोदली. ओढ्याचं पाणी गाळून त्यांत सोडायचं आणि ते काळ्या पाषाणाच्या भेगांतून खाली साठू द्यायचं. सहा वर्षांत विहिरींची पातळी नऊ मीटर वर आली. माझा सत्कार झाला, नारळ आणि शाल मिळाली. शाल यंत्रमागावरची होती, त्यावरून दादा महिनाभर मला चिडवत होते.

माग उन्हापासून खाली आले आणि पाणी दुष्काळापासून वर आलं. दोन्ही उपाय बरोबर होते. ते एकाच जागी भेटतील, हा हिशेब मीही केला नव्हता.

यंदा परतीचा पाऊस लांबला आणि तळघरांत ओल दिसू लागली. पंप सगळ्यांकडे होते. कोपऱ्यात एक खड्डा, त्यात पंप, पाणी चढलं की फ्लोट उचलला जातो आणि पंप सुरू होतो. आमचा ऑगस्टमध्ये दिवसातून चार वेळा सुरू व्हायचा, आता चाळीस वेळा. तो बंद पडला, किंवा वीज गेली, तर दोन तासांत रेशमापर्यंत पाणी येईल. म्हणून दुसरा पंप हवा होता. राखीव, बॅटरीवरचा.

पाच आठवडे मी तो निवडत होते. चौदा रकान्यांचा तक्ता केला होता.

*

"ताई, तुम्ही पंप घेताय का सोयरीक जुळवताय?" अकबर तांबोळींनी विचारलं. बाजारपेठेत त्यांचं पंपांचं दुकान आहे आणि गेल्या पाच आठवड्यांत मी तिथे सातव्यांदा आले होते. "पत्रिका बघून झाली, गोत्र बघून झालं. आता मुलाला पसंत तरी करा."

काउंटरवर दोन पंप शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"हा रेडा," निळ्या पंपावर थाप मारून ते म्हणाले. "याला डोकं नाही. पाणी दिसलं की उपसणार. बॅटरी संपेपर्यंत उपसणार, मरेपर्यंत उपसणार. आणि हा शहाणा. हा आधी विचार करतो."

"काय विचार करतो, ते माहितीय मला."

"तुम्हाला माहिती असणारच. तुमचंच तर पोरगं ते."

ते काही अगदी खोटं नव्हतं. आमच्या अठरा विवरांत आणि गावातल्या दोनशे बोअरमध्ये नाण्याएवढे दाबमापक आहेत. पाषाणातलं पाणी नदीसारखं धावत नाही, भेगांतून रखडत येतं. पण त्याचा दाब त्याच्या पुढे धावतो. माळावरचा दाब वाढला की कुठल्या घराखाली सहा तासांनी पाणी किती वर येईल, ते आता सेंटिमीटरमध्ये सांगता येतं. शहाणा पंप ते आकडे ऐकतो. शिवाय स्वतः उपसत असलेलं पाणी किती गढूळ आहे, तेही बघतो.

कारण धोका नुसत्या पाण्याचा नाही. तांदूळ धुताना पातेलं हळू कलतं केलं तर फक्त पाणी जातं. झटक्यात ओतलं की तांदूळही जातात. जमिनीचं तसंच आहे. बाहेर पाणी उंच आणि आत पंपाने कोरडं ठेवलेलं असेल, तर पाणी जोरात आत घुसतं आणि येताना बारीक माती घेऊन येतं. ती माती पायाखालची असते. अशा वेळी घर वाचवायचा एकच मार्ग असतो. पंप थांबवायचा आणि तळघर भरू द्यायचं. आतलं पाणी बाहेरच्या इतकं झालं की वाहणं थांबतं, आणि माती जागेवर राहते.

शहाणा पंप वेळ आली की हेच करतो. तळघर बुडवतो.

"फक्त एक आहे," तांबोळी म्हणाले. "बसवताना तो विचारतो, पाणी कुठपर्यंत येऊ द्यायचं. आकडा घरमालकाने तोंडाने सांगायचा. लिहून चालत नाही, कायदाच आहे. मागून कोणी म्हणायला नको, पंपाने आमचं घर बुडवलं. ताई, सांगतो तुम्हाला, भले भले अडकतात तिथे. कोपरगावच्या एका डॉक्टरने आकडा सांगायला चार दिवस घेतले. खाली त्याचं पियानो का काय होतं."

"आणि शून्य सांगितलं तर?"

"मग शहाणा पण रेडाच." त्यांनी चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "घर तुमच्या नावावर आहे ना?"

"माझ्या."

"मग तर झालं."

"उद्या सांगते," मी म्हणाले.

तांबोळींनी छताकडे बघून हात जोडले.

*

बुधवारी सकाळी लताकाकू आल्या. त्यांची आमची भिंत एक. त्यांचा मुलगा गणेश त्यांच्या तळघरात विणतो.

"केतके, जरा ये. माझ्या ओट्याला काय झालंय बघ."

ओट्याच्या मागच्या फरशीत तिरकी भेग होती. मी खिशातून मोजपट्टी काढली. एक पूर्णांक चार मिलिमीटर.

"कधीपासून?"

"गणपतीत केसाएवढी होती. मला वाटलं, कुकर आपटला असेल." काकू माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "मोजतेस काय नुसती? बोल की. तुझ्याच पाण्याची करणी ना ही?"

"बघते, काकू."

"बघतेच आहेस तू. पाऊसभर बघतेस."

मी घरी आले ती थेट तळघरात. भेग आमच्या भिंतीकडून निघाली होती आणि त्या भिंतीपासून चार फुटांवर मागाचा खड्डा होता. माझ्या नकाशात तळघराच्या सगळ्या तळाला सलग काँक्रीट होतं, मागाच्या खड्ड्यालाही. वरची माती म्हणजे नुसतं लिंपण, आणि पाणी फक्त सांध्यांतून झिरपेल, असं माझं गणित म्हणत होतं. पण मग ओल खड्ड्याच्या भिंतीवर चढत कशी होती?

"दादा, पाय वर घ्या."

या वेळी त्यांनी घेतले. मी लोखंडी सळई घेऊन खड्ड्याच्या तळाला टेकवली आणि दाबली. ती खट् व्हायला हवी होती. ती आत गेली. एक वीत, दोन वीत.

"काँक्रीट कुठेय?"

दादा कांडीवरचा धागा बघत राहिले.

"दादा."

"फोडलं."

"कधी?"

"तळघरात बसायला लागलो त्याच आठवड्यात. गवंडी बोलावून फोडलं, वर माती लिंपली. नऊ इंच खोलही केलं, गुडघा वाकत नाही म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सिमेंटावर पाय ठेवून कोणी विणतं का गं? मागाच्या खड्ड्यात मातीच लागते. मातीची ओल खालून ताण्याला मिळते. माझ्या बापाने, त्याच्या बापाने, सगळ्यांनी मातीतच पाय ठेवले."

"मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस. तू कागदावर बघितलंस."

"अजून कोणी फोडलंय?"

ते हसले, अगदी थोडं. "कोणी नाही फोडलं, ते विचार."

म्हणजे एकोणीस. प्रत्येक तळघराच्या तळाला, कामाच्या माणसाच्या पायाखाली, एकेक भोक. विणकरांच्या घरात वाढलेली मी, आणि विणकराचे पाय कुठे असतात, हे माझ्या गणितात नव्हतं.

दुपारी मी पंपाच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत धरलं आणि खिडकीत ठेवलं. चार वाजेपर्यंत तळाशी तांबूस थर बसला. तो वाळवून वजन केलं: लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम. पंप दिवसातून किती लिटर उपसतो, ते माहीत होतं. गुणाकार केला. रोज एक घमेलं. तीन आठवड्यांत वीस-एक घमेली मुरूम आमच्या भिंतीखालून निघून गटारात गेला होता. हे सगळं मी सावकाश, व्यवस्थित अक्षरात लिहून काढलं. लिहिताना एक चूक खोडून पुन्हा लिहिली. मग उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

*

गुरुवारी मी एकोणीसही घरांना कळवलं: मागाच्या खड्ड्यांतून माती वाहतेय, पाणी अजून वाढणार आहे, माग वर घ्यावे लागतील, निदान ताणे उतरवून घ्या. प्रत्येकाच्या दारात उभी राहून बोलले. माझ्या बोलण्यात कोणाला चूक सापडली नाही.

गणेशने ऐकून घेतलं. "ताई, दादांचा माग वर आला?"

"नाही अजून."

"मग बघू."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तर एकाने दाराआडूनच विचारलं, "मुरलीदादांनी कापला का ताणा?" दादा वसाहतीतले सगळ्यांत जुने विणकर. चढलेला ताणा अर्धवट कापायचा नाही, हे त्यांनीच या पोरांना शिकवलं होतं. ताण्यात तीन हजारांवर धागे असतात. कापून पुन्हा सांधता येतो, पण सांध्याची आडवी रेघ कापडात राहते, आणि सांधायला स्थिर हात लागतात. दादांसाठी कापणं म्हणजे संपणं होतं. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर चौदा रकाने होते.

संध्याकाळी परतताना मी तांबोळींना फोन केला. "दोन्ही पाठवा."

"दोन्ही? ताई, दोन नवरे?"

"अकबरभाई, पाठवा फक्त."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. "उद्या दुपारी," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

*

शुक्रवारी दुपारी तांबोळी स्वतः आले आणि दोन्ही पंप लावून, जुन्यासकट तिन्हींची वीज शहाण्याच्या ताब्यात देऊन गेले. जाताना जिन्यात थांबून ते दादांच्या मागाकडे बघत राहिले. "माशाल्ला," म्हणाले, आणि चपला हातात घेऊन वर गेले, खाली चिखल होऊ नये म्हणून.

सव्वा वाजता माळावरच्या चार विवरांचा दाब एकदम चढला. माझ्या हातातल्या पडद्यावर आमच्या घरासमोर आकडा आला: सात वाजता, तळघराच्या जमिनीपासून एक मीटर चार सेंटिमीटर. इतक्या उंचीचं पाणी बाहेर उभं राहणार आणि रेडा आतलं उपसत राहणार. बरणीतल्या हिशेबाने मी अंदाज केला. एका रात्रीत घमेली नाहीत, गाडाभर. लताकाकूंची चूल त्या भिंतीला लागून आहे, आणि गणेशची पोरगी त्याच भिंतीशी गादी टाकून झोपते.

जुना पंप आता थांबत नव्हता. रेडाही सुरू झाला. दोघांच्या आवाजात फणीची ठोक मात्र वेगळी ऐकू येत होती.

शहाण्यावरचा हिरवा दिवा लागला. बाईचा, समजूतदार आवाज आला. "पाणी कुठपर्यंत येऊ द्यायचं, ते घरमालकांनी सांगावं."

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले.

"सत्तावीस राहिली," दादा म्हणाले. धोटा फेकला. "पाऊस काय, आज आहे उद्या नाही. सत्तावीस दिवस तुझे तीन पंप उपसतील की."

"उपसतील."

"मग?"

"मातीही उपसतील."

फणी ठोकली गेली. एकदा. दुसरी ठोक आली नाही. त्यांनी धोटा मांडीवर ठेवला. मोराच्या पिसाऱ्याची निळाई अर्ध्यावर होती. एक डोळा भरलेला, दुसरा नुसता ताण्याचा.

"पाणी कुठपर्यंत येऊ द्यायचं, ते घरमालकांनी सांगावं," पंप म्हणाला.

"फार विचारते ही," दादा म्हणाले. "तुझ्या आईसारखी." खड्ड्यात पाणी त्यांच्या घोट्यांपर्यंत आलं होतं. पाय त्यांनी काढले नव्हते. "लताच्या ओट्याची भेग मी बघून आलो परवा. तू नव्हतीस."

"मला नाही सांगितलंत."

"तू तरी कुठे सांगितलंस? पाच आठवडे पंप बघतेयस. मला काय कळत नाही? घरात ज्वारी आणायची तर तू एका दुकानात जातेस. पंपासाठी सात वेळा." मांडीवरचा धोटा त्यांनी बाजूला ठेवला. "मी वाट बघत होतो, कधी बोलतेयस."

"तुम्हीच का नाही बोललात, दादा? तुम्ही म्हणाला असता तर सगळ्या पोरांनी ऐकलं असतं."

"माझ्या तोंडून नाही यायचं ते." ते अगदी साधेपणाने म्हणाले, गुडघा वाकत नाही हे सांगावं तसं. "पन्नास वर्षं दुसऱ्यांना सांगितलं, कापू नका. आता तेच तोंड कसं फिरवू? तू सांग. तू सांगितलंस की मी करेन, एवढंच माझ्याने होईल."

वरच्या खिडकीतून गणेशची पोरगी काहीतरी मोठ्याने म्हणत होती, पाढे असावेत. मी पट्टी घेऊन मागाशी गेले आणि जमिनीपासून विणलेल्या कापडापर्यंत मोजलं. सव्वीस सेंटिमीटर. याच्या खालच्या आकड्याने कापड वाचलं असतं, पण बाहेरच्या मीटरभर पाण्यापुढे तो शून्यच होता, माती वाहतच राहिली असती. पडद्यावर पाहिलं. एक मीटर सहा. दोन सेंटिमीटर वाढलं होतं.

"पाणी कुठपर्यंत येऊ द्यायचं—"

"एकशे दहा सेंटिमीटर," मी म्हणाले.

रेडा थांबला. मग जुना पंपही थांबला. इतकी शांतता झाली की खड्ड्यात पाणी चढताना ऐकू येऊ लागलं. दादा माझ्याकडे बघत होते. आकडा त्यांच्यासाठी नव्हता, तो पंपासाठी होता, आणि ते अजून थांबले होते.

"दादा," मी म्हणाले, "ताणा कापा."